आपोआप उगवलेली तूर

वावराकडे जाणारी पांदण, म्हणजे बंडीवाट, खुली झाली तर आपल्याला काय काय मिळेल, याचा हिशेब कवडू सोनकुसरेच्या डोक्यात पक्का होता. पहिलं म्हणजे मिरचीचं पोतं बायकोच्या, रंभाबाईच्या डोक्यावरून उतरून बंडीत बसेल. दुसरं, गावातल्या चंदनचा ट्रॅक्टर वावरापर्यंत येईल आणि धान कापल्यापासून पडून असलेला बांधीचा तुकडा एकदाचा नांगरून होईल. नाल्यातल्या गोट्यांवर पाय घसरून दर हंगामात घरातल्या कुणाची तरी कंबर धरते, ती धरणार नाही. आणि एक गोष्ट तो कुणाला बोलून दाखवत नसे. संध्याकाळी रंभाबाई मानेला तेल चोळत गप्प बसते, ती गप्प बसणार नाही. बोलणाऱ्या रंभाबाईचा त्याला त्रास होताच, पण गप्प बसलेली रंभाबाई त्याच्या जेवणात खड्यासारखी यायची.

तोट्याच्या बाजूला एकच नाव होतं. बाबाराव.

उमरबोडीच्या डांबरी रस्त्यापासून कवडूच्या वावरापर्यंत जाणारी पांदण बाबारावच्या वावराच्या धुऱ्याला, बांधाला लागून होती. होती म्हणजे, गावातल्या म्हाताऱ्यांना आठवत होती. दोन बंड्या समोरासमोर आल्या तरी बैलांना थांबावं लागत नसे, इतकी रुंद. बाबारावच्या बापानं दर पेरणीला नांगराचं एकेक तास पांदणीत सरकवलं. माणूस नेमाचा होता, कधी घाई केली नाही. शेवटी बकरी जाईल एवढी वाट ठेवून तो वारला. उरलेलं काम यंदा बाबारावनं उरकलं. पाऊस पडल्याबरोबर पांदणीत तूर टाकली आणि रस्त्याच्या तोंडाशी बाभळीच्या काट्या ओढून ठेवल्या. कवडूनं अर्ज केला. तलाठी आले, बाबारावच्या ओसरीत बसून पोहे खाल्ले, आणि पीक उभं आहे तोवर काही करता येत नाही, निघालं की पाहू, असं सांगून गेले. हे पीक निघालं की त्याच जागी दुसरं उभं राहणार, हे तलाठ्यांना ठाऊक होतं आणि पोह्यांनाही.

पौष लागला. मिरची लाल झाली आणि तोडा सुरू झाला. मिरची तोडताना बोटांची जी आग होते ती रात्री कणीक मळतानाही जात नाही. डोळ्याला हात लावायची सोय नाही, नाक पुसायचं ते खांद्याला. रंभाबाई ओळीनं वाकून तोडायची, कवडू पोती भरायचा, आणि ऊन चढलं की दोघं डोक्यावर पोतं घेऊन नाल्याच्या वाटेनं गावाकडे निघायची. ओल्या मिरचीचं पोतं गहू-तांदळासारखं गुमान बसत नाही. ते डोक्यावर कलतं, मानेला विचारत विचारत चालतं.

एके दिवशी नहराचं पाणी सुटलं आणि नाल्यात पाय ठेवायला जागा राहिली नाही. कवडूला बाबारावकडे जावं लागलं. बाबाराव मोहाच्या झाडाखाली खाटेवर बसून मजुरांवर नजर ठेवून होता. सेवा सोसायटीचा तो एका वेळी चेअरमन होता. ती गादी गेल्याला बराच काळ लोटला, पण टोपीची इस्त्री अजून मोडली नव्हती.

"जा ना गा," तो म्हणाला. "मी का कोणाले अडवतो? फक्त तूर हालली नाही पायजे. शेंगा वाळून राहिल्या."

डोक्यावर पोतं घेऊन उभ्या तुरीतून तूर न हालवता जायचं. रंभाबाई आडवी होऊन चालली, पोटावर पदर आवळून, एकेक पाऊल चाचपत. शेंगा तिच्या बाह्यांना अडकत होत्या आणि ती दर झाडाला सोडवून घेत होती. मागून कवडू. मजूर काम थांबवून पाहत राहिले. बाबारावनं त्यांना ऐकू जाईल अशा बेतानं विचारलं, "कवडू, तुह्या आज्याचे पाय उमरेडले मागाच्या खड्ड्यात होते ना? त्या माणसाले कुठं पांदण लागली? बसल्या जागी लुगडं विणून मोकळा."

मजूर हसले. कवडूही हसला. पोतं डोक्यावर असताना माणसाला दुसरं काही करता येत नाही. त्या रात्री रंभाबाई मानेला तेल लावत बसली आणि एक शब्द बोलली नाही.

दोन दिवसांनी नाल्याचं पाणी ओसरलं आणि सकाळी तिकडून दोन माणसं वर आली. एक बाई होती, डोक्यावर कापडी टोपी, पायात चिखलाचे बूट. बरोबर एक जाड, घामाघूम झालेला तरुण. त्याच्या खांद्यावर तीन पायांची घोडी आणि तिच्या टोकाला एक नळी. ती त्यांनी कवडूच्या बांधीच्या धुऱ्यावर उभी केली आणि डोळा लावून पाहू लागली.

कवडूच्या हातातली टोपली खाली पडली. मोजणीवाले आले होते. अर्ज कुठं तरी पोहोचला होता, साहेबाच्या मनात दया आली होती. त्यानं मडक्यातल्या पाण्यानं तोंड धुतलं, शर्टाच्या गुंड्या लावल्या आणि रंभाबाईला चहा ठेवायला सांगून निघाला. मोहाखालून बाबारावनंही घोडी पाहिली. तो खाटेवरून उठला, पायात चप्पल न घालता रस्त्याच्या तोंडाशी गेला आणि स्वतःच्या हातानं बाभळीच्या काट्या बाजूला ओढू लागला. गावात असलं दृश्य फारसं दिसत नाही.

कवडू बाईजवळ जाऊन हात जोडून उभा राहिला. कुठून मोजणार, त्यानं विचारलं. ती नळीतून डोळा न काढता म्हणाली, "काका, हळू बोला. उडून जाईल."

पांदण कशी उडून जाईल, हे कवडूला कळेना. मग तिनं समजावून सांगितलं. तिचं नाव धनश्री, नागपुरात बँकेत काम करते. हा हर्षित, जरीपटक्यात याचं कापडाचं दुकान आहे. सुट्टी मिळाली की दोघं पाखरं पाहत हिंडतात. आणि आज या बांधीत जे पाखरू बसलं आहे ते पाहायला माणसं देशभर फिरतात.

कवडूनं बांधीकडे पाहिलं. धानाची धसकटं, मधे मधे ढेकळं, आणि एक टिटवी.

"टिटवी हाय ते, मॅडम," तो म्हणाला. "रातभर वरडते आमच्या इथं."

हर्षितनं त्याला नळीपाशी नेलं. आपल्या टिटवीचे पाय पिवळे असतात, हिचे काळे पाहा. डोळ्यापुढं लाल चामडं नाही. भुवईवर पांढरी रेघ. ही उत्तरेच्या थंड मैदानातली, पार देशाबाहेरची. तिचं इंग्रजी नावही त्यानं सांगितलं, सोशिएबल का काय. कवडूनं एक डोळा मिटून पाहिलं. पाखरू चार पावलं धावलं, थांबलं, खाली वाकून एक किडा उचलला. त्याची चाल कवडूला कुठं तरी पाहिल्यासारखी वाटली. मग आठवलं. तुरीतून जाणारी रंभाबाई.

तेवढ्यात ती चहा घेऊन आली. धनश्री तिला सांगू लागली, की मावशी, ही टिटवी एकटीच आहे, थव्यापासून तुटली असेल. वाट चुकून तुमच्याकडे आली.

"वाट चुकली नसन वं बाई," रंभाबाई म्हणाली. "आमच्या इथं वाटच नाही."

हर्षितला हसू आलं. धनश्री हसली नाही. तिनं कप हातात घेऊन नीट विचारून घेतलं आणि कवडूनं पांदणीची सगळी गोष्ट सांगितली. बाबारावनं दुरून चहाचे कप पाहिले. मोजणीवाले चहा पिऊन हसत आहेत म्हणजे मोजणीवाले नाहीत, हे त्याला अनुभवानं कळलं. त्यानं काट्या परत तोंडाशी आणून टाकल्या.

जाताना धनश्रीनं एकच विनंती केली. रविवारपर्यंत बांधी नांगरू नका. भोवताली सगळ्या वावरांत हरभरा, लाखोळी उगवून आली आहे, उघडी धसकटं फक्त तुमच्याकडे आहेत. म्हणून ती इथं उतरली.

"नांगरतो कायले," कवडू म्हणाला. "ट्रॅक्टरच येत नाही. तुमचं पाखरू बाबारावजीच्या किरपेनं बसून आहे."

पाखराची बातमी मोबाइलवरून फुटली. दुसऱ्या दिवसापासून उमरबोडीत गाड्या यायला लागल्या. माणसं रस्त्यावर गाडी लावत, नाला उतरत, चढत, आणि धुऱ्यावर ओळीनं बसत. कुणी पुण्याचा, कुणी हैदराबादचा. एवढी माणसं आणि कुणी बोलत नाही, हे पाहून गावातल्या बायांना आधी वाटलं की कवडूकडे कुणी गेलं. दोघी तर पदर डोक्यावर घेऊन भेटायलाही आल्या.

माणसं हालली की टिटवी लांब सरकायची. आडोसा पाहिजे, धनश्री म्हणाली. रंभाबाईनं पेटीतून सासूचं जुनं सुती लुगडं काढलं, आजेसासऱ्यानं उमरेडला मागावर विणलेलं, मातीच्या रंगाचं. ते बांबूंवर ताणलं आणि माणसं त्यामागं बसली. रितिका नावाची एक कॉलेजातली पोरगी पाखरापेक्षा लुगड्याच्या काठाचेच फोटो काढत राहिली. एका पुणेकरानं लेन्स बाहेर काढायला लुगड्याला भोक पाडलं आणि मग विचारलं, चालेल ना. रंभाबाई चालेल म्हणाली. भोक पडल्यावर चालेलच म्हणावं लागतं.

हर्षितला वाटलं, आपण यांच्या वावरात फुकटचे बसलो आहोत, काही तरी हातभार लावावा. त्यानं एक पोतं उचलून नाल्यापार नेलं. परत येऊन घाम पुसायला हात डोळ्यावर नेला, आणि मग देशभरातून माणसं ज्या पाखरासाठी आली होती ते समोर नाचत असताना हा तोंडावर पाणी मारत मडक्यापाशी बसून राहिला. रंभाबाईनं त्याच्या डोळ्यावर ताक लावलं. दुकानदार मोठ्या मनाचा, दुसऱ्या दिवशी पुन्हा पोतं उचलायला हजर, पण हाताला पिशव्या बांधून.

गावात इंग्रजी नावाची चांगलीच मळणी झाली. सोशिएबलचं आधी सोशल झालं आणि संध्याकाळपर्यंत सोसायटी. पारावर पक्कं ठरलं की कवडूच्या वावरात सोसायटीची टिटवी आली आहे. कोणत्या सोसायटीची, यावर वाद होता. टिटवीला सोसायटी असते का, यावर नव्हता.

हे नाव बाबारावच्या कानावर गेलं आणि त्याला झोप येईना. गाडीवाले, कॅमेरेवाले, पुण्या-हैदराबादची माणसं गावात उतरतात, सोसायटीच्या नावानं काही चालू आहे, आणि माजी चेअरमनला कुणी विचारत नाही. त्याची बायको यमुताई म्हणाली की पाखरू आहे, तुमचा सत्कार करायला थोडंच आलं. पण बाबारावचा अभ्यास वेगळा होता. टिटवी दिवसा कवडूकडे चरते, रात्री कुठं बसते? माझ्या तुरीच्या कडेला. मग राहणारी माझ्याकडची झाली. कवडूकडे ती फक्त जेवायला जाते. हे त्यानं पारावर चार जणांना सांगितलं. त्यातल्या एकानं ते कवडूला सांगितलं, आणि कवडू मिरची तोडता तोडता थांबला. त्याच्या डोक्यात काही तरी वळवळलं, पण आकार येईना.

आकार रविवारी आला, एका जुन्या गाडीतून.

बाबनराव सावनेरचे. हेडमास्तर होऊन निवृत्त झालेले, नागपूरच्या सगळ्या पाखरंवाल्यांचे गुरुजी. धनश्रीला पहिलं पाखरू त्यांनीच दाखवलं होतं. दोन्ही गुडघे गेलेले, हातात काठी. ही टिटवी त्यांना आयुष्यात एकदा हुकली होती, माळावर पोहोचले आणि त्याच सकाळी ती उडून गेलेली. ते नाल्याच्या काठापर्यंत आले, खाली पाहिलं, काठी एका गोट्यावर टेकवून बघितली आणि मागे फिरले. गाडीच्या सीटवर दार उघडं ठेवून बसले आणि म्हणाले, तुम्ही या पाहून, मला सांगा कशी आहे ते.

धनश्री धावत कवडूकडे आली. दुसरी वाट नाही का, काका? कोणतीही. उचलून नेऊ गुरुजींना.

कवडूनं तिच्याकडे पाहिलं, मग तुरीकडे.

"वाट हाय," तो म्हणाला. "बाबारावजीच्या तुरीतून. पण माह्यं नाव काढाचं नाही. म्हणाचं, चेअरमन साहेब, गुरुजी तुमच्याकडची टिटवी पाहाले आले. तुमच्याकडची. बास, एवढंच."

पोतं डोक्यावर घेऊन नाला पार केल्यावर तो मुद्दाम पांदणीच्या तोंडाकडे वळला. रंभाबाईही पोतं घेऊन मागोमाग. गावाची वाट सोडून काहून इकडून, तिनं विचारलं नाही. नवऱ्याच्या चालीवरून तिला कळलं की हा काही तरी पाहायला निघाला आहे.

धनश्रीला मोहापर्यंत जावंच लागलं नाही. बाबाराव पांढरे कपडे, इस्त्रीची टोपी, खांद्यावर नवा पंचा अशा तयारीत आधीच रस्त्याच्या तोंडाशी उभा होता. चेअरमन साहेब हा शब्द कानी पडताच त्यानं बाभळीच्या काट्या मजुरांना न सांगता स्वतः ओढल्या. रितिकानं गुरुजींचा क्षण टिपायचा म्हणून मोबाइल वर धरला. तो आपल्यासाठीच धरला असं बाबारावला वाटलं. माणूस चुकतो तो इथं.

"या गुरुजी," तो म्हणाला. "टिटवी आपल्याकडंच राहाते. इथून जा सरळ."

बाबनराव काठी टेकत तुरीपाशी आले आणि थांबले. छातीएवढी तूर, वाळलेल्या शेंगांनी वाकलेली. त्यांनी एक शेंग बोटांत धरून पाहिली, सोडून दिली.

"नाही," ते म्हणाले. "उभ्या पिकातून मी जाणार नाही. कुणाच्या तरी घरचं अन्न आहे हे. माझ्या हौसेपायी तुडवायचं? चला, धनश्री."

आणि ते वळले.

बाबारावच्या मागं तोवर निम्मं गाव जमलं होतं. पुढं मोबाइल. पाहुणा दारातून परत जात होता, आणि कारण काय, तर बाबारावचं पीक. पारावर संध्याकाळी काय बोलतील हे त्याला आताच ऐकू यायला लागलं. तो घाईत पुढं झाला, गुरुजींच्या समोर उभा राहिला आणि हात पसरले.

"गुरुजी, वावर नाहीच हे," तो म्हणाला. "पांदण हाय. पह्यलेपासूनची. बंड्या जात होत्या इथून, विचारा कोणालेही. तूर का कोणी पेरली थोडीच. पडल्या दाण्याची हाय. आपोआप उगवली."

मोबाइल चालू होता. कवडूनं डोक्यावरचं पोतं हळूच खाली ठेवलं, जसं झोपलेलं लेकरू ठेवतात. आयुष्यात पहिल्यांदा बाबाराव पांदणीबद्दल खरं बोलला होता, आणि तेही खोटं रेटताना.

आपण काय बोललो ते बाबारावच्या चेहऱ्यावर सावकाश उमटत गेलं. तेवढ्यात रंभाबाई पुढं झाली. तिच्या डोक्यावर पोतं तसंच होतं, एका हातानं धरलेलं.

"मंग कोणाचीच नाही तं कापून टाका ना, भाऊजी," ती म्हणाली. "गुरुजीच्या पायाले टोचन."

बाबारावनं गावाकडे पाहिलं, मोबाइलकडे पाहिलं, आणि त्याच्या तोंडून निघालं, "कापा ना. म्या का नाही म्हटलं?"

मग काय, विळे आले. इतके लवकर कुठून आले ते कुणालाच सांगता आलं नाही. सरिता आली, गोपिका आली, त्यांच्या जावा आल्या. बाया कमरेत वाकून सपासप कापत गेल्या. तूर कोणाचीच नव्हती, त्यामुळे जी कापेल तिची होती. ज्या तुरीला आठवडाभरापूर्वी रंभाबाईच्या पोत्याचा धक्का चालत नव्हता, तिच्या पेंढ्या बांधून बाया घराकडे जाऊ लागल्या. बातमी गावात पोहोचली तशी शेवटी यमुताईही विळा घेऊन धावत आली. सरितानं तिला सांगितलं की रांगेत ये वं, सबन गावाची हाय. यमुताईनं नवऱ्याकडे जे पाहिलं, त्यापुढं मागच्या निवडणुकीतली हार काहीच नव्हती. मग ती निमूट सगळ्यांच्या मागं जाऊन आपणच टोकलेली तूर कापायला लागली.

बाबनराव काठी टेकत मोकळ्या झालेल्या पांदणीतून चालत गेले. खोडांचे बुंधे टोचू नयेत म्हणून हर्षित पुढं पोती अंथरत होता. लुगड्याच्या आडोशामागं त्यांच्यासाठी खुर्ची ठेवली. त्यांनी दुर्बीण लावली नाही, आधी नुसतंच पाहिलं. मग पुणेकरानं पाडलेल्या भोकाला डोळा लावला आणि बराच वेळ तसेच राहिले. टिटवी ढेकळावर चढली, भुवईची पांढरी रेघ उन्हात दिसली, उतरून चार पावलं धावली. गुरुजींनी टोपी काढून मांडीवर ठेवली. पाणी मागितलं. प्याले. पुन्हा डोळा लावला.

"कशी आहे, सर?" धनश्रीनं विचारलं.

"अगदी साधी आहे गं," ते म्हणाले आणि त्यांचं सगळं तोंड सुरकुत्यांनी भरून गेलं.

बाबाराव त्यांच्या मागं उभा राहून बुंध्यांकडे पाहत होता. टिटवीकडे त्यानं एकदाही पाहिलं नाही.

चंदन त्याच संध्याकाळी ट्रॅक्टर घेऊन पांदणीच्या तोंडाशी आला. आजच चाक फिरवू, तो म्हणाला, उद्याचा काय भरवसा. चाकाचे ठसे उठले की मग कुणाचा बाप पेरू शकत नाही. कवडूनं त्याला पांदणीतून वावरापर्यंत आणलं, ढेकळं फुटून पक्की चाकोरी पडली, आणि बांधीच्या धुऱ्यावर त्यानं हात आडवा केला.

"आत नको. पाखरू हाय."

"रविवार झाला ना गा तुहा," चंदन म्हणाला. "येळ चालली हरभऱ्याची."

"जाईन ते. त्याच्या मनानं जाऊ दे."

चंदननं रंभाबाईकडे पाहिलं, की आता ही तरी याला काही सांगेल. ती म्हणाली, राहू दे, आपल्याला वाट मिळाली, त्याला दोन दिस बसाले जागा दे. चंदन टिटवीला, कवडूला आणि सोसायटीला एकेक शिवी देऊन परत गेला.

टिटवी मंगळवारी दिवसभर होती. बुधवारी सकाळी बांधीत नुसती धसकटं होती. कवडू उगाच धुऱ्यानं एक चक्कर मारून आला, मग चंदनला फोन केला. दुपारी त्याच चाकोरीनं बंडी आली. मिरचीची पोती भरली आणि रंभाबाई त्यांच्यावर चढून बसली, पाय खाली सोडून. रस्त्यापर्यंत आणि रस्त्यापासून घरापर्यंत ती बोलत होती. बंडीवाल्याच्या बैलाला खायला कमी पडतं, सरितानं पेंढ्या जास्त नेल्या, त्या पुणेवाल्याच्या बायकोनं त्याला कसं शिकवलं आहे कोण जाणे, भोक पाडून विचारतो. संध्याकाळी जेवतानाही थांबली नाही. कवडूला त्रास झाला आणि त्यानं एक भाकर जास्त खाल्ली.

संक्रांतीनंतर बाबनराव तिळगूळ द्यायला आले, धनश्री आणि हर्षितला घेऊन. गाडी थेट वावरापर्यंत आणली. रंभाबाईनं तिथंच चूल मांडून स्वयंपाक केला होता. कवडूनं बाबारावला बोलावलं. एवढे पाहुणे आलेत आणि चेअरमन नाही, बरं दिसत नाही, असा निरोप होता. अशा निरोपाला नाही म्हणणं बाबारावच्या अंगात नव्हतं. तो टोपी घालून आला आणि गुरुजींच्या शेजारी बसला. गुरुजींनी त्याच्या हातावर तिळगूळ ठेवला आणि सगळ्यांदेखत म्हणाले, की तुमच्यासारखा मोकळ्या मनाचा माणूस मी पाहिला नाही. बाबारावनं मान खाली घालून ते स्वीकारलं. खरं तर तेव्हापासून तो थोडा थोडा मोकळ्या मनाचा होऊ लागला होता. पारावर आता तोच सांगायचा की पांदण आपण सोडली.

भात वाढला, वर वरण आलं. बाबारावनं पहिला घास घेतला, दुसरा घेतला.

"डाळ मस्त शिजली, वहिनी," तो म्हणाला. "कुठली आणली?"

रंभाबाईनं त्याच्या भातावर आणखी एक पळी सोडली.

"आणली कुठं, भाऊजी. आपोआप उगवली."

बाबारावचा हात ताटात थांबला. मग तो हसला, पाणी प्याला आणि पुन्हा वरण मागितलं. आपलंच होतं, सोडायचं कशाला.

तर त्या पाखराचा खर्च असा पडला. हर्षितचे डोळे एकदा गेले आणि परत आले. बाबनरावांच्या गुडघ्यांनी आठवडाभर कुरकुर केली. रंभाबाईच्या सासूचं लुगडं भोकापायी कामातून गेलं, ते आता पोत्याच्या तोंडावर बांधतात. कवडूचा हरभरा उशिरा पडला आणि शेजारच्यापेक्षा वीतभर बुटका राहिला. टिटवी किडे खाऊन गेली, तिनं काहीच दिलं नाही, आणि तिच्याकडे कुणी मागितलंही नाही. बाकी सगळं, म्हणजे बियाणं, पेरणी, डवरणी आणि उमरबोडीतल्या घरोघरचं पौषातलं वरण, बाबारावनं भरलं.